चित्रातलं लाल मडकं

आमच्या गावाने तोवर चित्रं पाहिली होती ती फक्त चर्चमधली. लाकडी भिंतीवर ओळीने उभे असलेले संत, आणि दारापाशी नरक. त्या नरकात पीठ चोरणारा गिरणीवाला गळ्यात जातं बांधून उभा आहे, आणि त्यावरून आमच्या गिरणीवाल्या गाव्रिलाला लहानथोर सगळे चिडवतात. तो बिचारा कुणाचं चिमूटभर पीठ मारत नाही. पण चित्रात आहे म्हणजे आहे. चित्रात खोटं असू शकतं हे आमच्यापैकी कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, आणि पुढचा सगळा गोंधळ त्यातूनच झाला.

मी ओडोकिया. वरच्या आळीतलं शेवटचं घर माझं. त्याच्यापुढे फक्त गवताचा उतार आणि डोंगर. नवरा जाऊन बरीच वर्षं लोटली. एकुलती एक मुलगी, अनुत्सा, खालच्या आळीत दिली. तेव्हापासून घरात मी, गाय आणि माझी जीभ, अशा आम्ही तिघी.

त्या उन्हाळ्यात माझ्या विहीणबाईंच्या, म्हणजे पालागाबाईंच्या, डोक्यात माझी दया शिरली होती.

"विहीणबाई, एकट्या काय करताय त्या टेकाडावर?" त्या म्हणायच्या. "या आमच्याकडे. शेगडीजवळची जागा तुमची."

शेगडीजवळची जागा म्हणजे पाळण्याजवळची जागा, हे न कळण्याइतकी मी दुधखुळी नव्हते. नातवंडं मला जीव की प्राण आहेत, पण ती अंगणात धावत येतात तेव्हा. दुसरीच्या घरात दुसरीच्या हुकुमाखाली त्यांचे लंगोट धुताना नव्हे. मी आढेवेढे घेते म्हटल्यावर बाईंनी दुसरा डाव टाकला. पुढच्या साली जावई माझं गवत कापायला येणार नाही, त्याला घरचंच उरकत नाही, असं त्यांनी जाहीर केलं. माझे गवताचे तुकडे इतके उभ्या चढाचे की विळा चालवताना माणसाने एक पाय जमिनीत रोवूनच उभं राहावं. ते माझ्या एकटीच्या हातून होणारं नव्हतं. गवत नाही तर गाय नाही, आणि गाय नाही तर त्या टेकाडावर मी काय वारा खाऊन राहू?

तेव्हा ठरल्यासारखंच होतं. ऑक्टोबरात सांत दुमित्रूच्या सणाला मेंढरं डोंगरावरून उतरतात, तोवर मी घराला कुलूप लावून खाली जायचं. मी हो म्हटलं नव्हतं, पण नाही म्हणायला माझ्याजवळ काही कारणही नव्हतं. मला माझ्याच घरात राहायचं होतं. आणि खरं सांगायचं तर एकटीने नव्हतं राहायचं. पण हे दुसरं मी कुणाजवळ बोलणार होते?

चित्रकार आला तो ऐन गवतकापणीत. बाया-मारे नावाच्या शहरातून घोडागाडीने आला आणि पाद्रीबाबांच्या घरी उतरला. नाव कॉर्नेल. उंच, बारीक, आणि डोक्यावर आमच्याकडच्या टोपीच्या चौपट मोठी गवती टोपी. आम्ही सगळे घामाने निथळत गवत उलटं-पालटं करत होतो, आणि हा गिरणीच्या मागच्या टेकाडावर एका तिपायीवर बसून आमच्याकडे बघत होता.

"धडधाकट माणूस आहे हो," पालागाबाई म्हणाल्या, "आणि दिवसभर नुसता बसतो. आई काय म्हणत असेल त्याची!"

चार दिवस तो बसला आणि मग पाऊस लागला. तेव्हा त्याने आपला संसार पाद्रीबाबांच्या ओसरीवर हलवला आणि एका छोट्या फळीवर जे काही खरडून आणलं होतं, त्यावरून मोठं चित्र करायला घेतलं. ते चित्र डोंगरापलीकडे बुखारेस्टला जाणार, तिथे मोठमोठी माणसं बघणार, असं पाद्रीणबाईंनी विहिरीवर सांगितलं. त्या दिवसापासून गाव चित्रकाराशी सांभाळून बोलू लागलं.

आता मडक्याचं सांगते. आमच्याकडे प्रत्येक फाटकापाशी फांद्या छाटलेलं एक वाळकं झाड असतं. धुतलेली गाडगी-मडकी त्यावर उपडी टांगायची. वर लाल मडकं दिसलं की समजायचं, घरात लग्नाची मुलगी आहे, खुशाल विचारायला या. लाल मडकं नसेल त्या घरी मागणी घालायला गेलेल्या माणसावर कुत्रं सोडलं तरी कुणी कुत्र्याला बोल लावत नाही. लग्न ठरलं की नवरामुलगा शिडी लावून स्वतःच्या हाताने मडकं उतरवतो. अनुत्साचं मडकं जावयाने असंच उतरवलं होतं. ते मी माळ्यावर टाकलं आणि त्यात घेवड्याचं बियाणं ठेवू लागले.

विधवेने आपल्या झाडावर लाल मडकं टांगलं, असं आमच्या गावात कधी झालं नव्हतं. टांगू नये असा नियम कुणी केला नव्हता. पण मेंढीने शिंकाळ्यावर चढू नये असाही नियम कुणी केलेला नाही.

ऑगस्टात सांत मारियाचा सण, आमच्या चर्चचा मोठा दिवस. आजूबाजूच्या गावांची माणसं धुतलेले पांढरे कपडे घालून आली. प्रार्थना झाली आणि पाद्रीबाबांनी चित्र ओसरीवर भिंतीला टेकवून सगळ्यांसाठी उघडं ठेवलं.

अहो, काय गर्दी! आणि काय गोंगाट! सगळं आमचंच होतं त्यात. हिरवा उतार, त्यावर खांबांभोवती रचलेल्या गवताच्या गंजी, खाली ओढा, ओढ्यावर गाव्रिलाची गिरणी, काळपट लाकडी छपरं, आणि वर पाऊस नुकताच पडून गेल्यासारखं धुतलेलं आभाळ. प्रत्येक जण आपलं घर शोधत होता.

"ही माझी गंज! बघा, सरळ आहे. वाकडी म्हणत होतात ना?"

"माझ्या कुंपणाच्या तुटक्या फळ्यासुद्धा काढल्यात मेल्याने! बुखारेस्टात काय म्हणतील?"

"तरी सांगत होते, दुरुस्त करा म्हणून."

पालागाबाईंना त्यात त्यांची गाय सापडली. बोटाच्या नखाएवढी, तपकिरी, ओढ्याकाठी चरणारी. बाईंचा आनंद गगनात मावेना. "माझीच! कपाळावरचा पांढरा टिकला बघा! पाद्रीबाबा, चित्रावर पवित्र पाणी शिंपडा. दूध वाढेल तिचं."

पाद्रीबाबांनी आधी दाढी खाजवली. पण सणाचा दिवस होता, होरिंका दारूचे एकदोन पेले पोटात गेले होते, आणि आमची होरिंका कुणालाच नाही म्हणू देत नाही. त्यांनी तुळशीची जुडी पाण्यात बुडवली आणि चित्रावर क्रूसासारखी फिरवून पाणी शिंपडलं. सगळ्यांनी टोप्या काढल्या. चित्रकार एका कोपऱ्यात चीज भरलेली पोळी खात होता, त्याचा घास तोंडातच राहिला.

आणि तेवढ्यात खालच्या आळीतल्या एका म्हातारीने डोळे बारीक करून विचारलं, "अगं, पण ओडोकियाच्या झाडावर ते लाल काय आहे?"

सगळ्या माना तिकडे वळल्या. माझं घर चित्राच्या एका कडेला, वर. फाटक, झाड, झाडाच्या मधल्या एका फांदीवर लाल मडकं. साऱ्या हिरव्यागार चित्रात तेवढंच एक लाल, त्यामुळे आंधळ्यालाही चुकलं नसतं.

मग हसू फुटलं. एकाने सुरुवात केली आणि ते गर्दीतून असं पसरलं की फाटकाबाहेरची माणसं काय झालं ते न कळताच हसू लागली.

"ओडोकिया, आम्हाला आधी सांगायचं तरी!"

"बुखारेस्टचाच नवरा पाहिजे वाटतं!"

"चित्रकाराला काय खाऊ घातलंस गं, मडकं काढायला?"

माझी कानशिलं तापली. आणि त्या तापलेल्या डोक्याने मी पुन्हा एकदा चित्राकडे पाहिलं, ते मात्र नको होतं पाहायला. कारण त्या लाल ठिपक्यामुळे माझं घर काही वेगळंच दिसत होतं. त्या घरात कुणाची तरी वाट पाहिली जाते आहे, तिथे संध्याकाळी दोघांसाठी मक्याच्या पिठाची मामालिगा ढवळली जाणार आहे, असं दिसत होतं. इतकं सुंदर माझं घर मी कधी पाहिलं नव्हतं. मला रडू आलं, आणि रडताना कुणी पाहू नये म्हणून मी भांडल्यासारखी तरातरा निघून गेले.

गाव हसलं आणि विसरलं असतं. पण सणाला आलेली परगावची माणसं ते चित्र डोळ्यांत घालून घरी गेली होती, तेही पाणी शिंपडलेलं चित्र. त्यांना काय ठाऊक माझी मुलगी दोन पोरांची आई आहे ते!

दोनच दिवसांत टेकडीपलीकडच्या गावातून एक बाई आपल्या मुलाला घेऊन माझ्या फाटकात उभी राहिली. मुलगा लाजून टोपी चुरगाळत होता.

"मुलगी कुठंय?" बाईंनी आत येतायेताच विचारलं.

"आपल्या घरी. धाकट्याला दूध पाजत असेल."

"म्हणजे? लग्न झालंय? मग झाडावर लाल मडकं कशाला?"

"कुठंय लाल मडकं? बघा की झाडावर."

बाईंनी मान वर करून झाड नीट न्याहाळलं. दुधाची दोन मडकी आणि एक फुटका माठ. "पण चित्रात आहे!" त्या म्हणाल्या.

"मग चित्रात जाऊन मुलगी मागा!"

तरी माणसं लांबून चालत आली होती. मी त्यांना बसवून खाऊ घातलं. मुलाने बटाट्याच्या पोळ्या अशा फस्त केल्या की त्याची आई अवघडली. "आई," तो पहिल्यांदाच तोंड उघडून म्हणाला, "मुलगी नसली तरी इथे जेवण छान आहे."

दुसऱ्या दिवशी वरच्या खोऱ्यातला एक म्हातारा आला, पुढच्या दातांना कधीच निरोप दिलेला. त्याला मी सगळं समजावून सांगितलं. तो शांतपणे ऐकून घेऊन म्हणाला, "मुलगी नाही तर नाही. तुम्ही चालाल मला."

त्याला मी लोकर कातायची काठी घेऊन फाटकापर्यंत पोचवलं. म्हातारा त्या वयात बरा पळाला.

संध्याकाळी पालागाबाई आल्या. चढ चढून धापा टाकत होत्या, तरी बोलणं थांबलं नव्हतं. "विहीणबाई, शोभतं का हे? उद्या माझ्या मुलाला लोक विचारतील, सासूचं लग्न कधी म्हणून! ते मडकं काढून टाका."

"कुठलं? झाडावर नाहीच ते."

"चित्रातलं! चित्रकाराला सांगा, खरवडून टाक म्हणावं. रविवारी निघालाय तो." मग स्वतःच थबकल्या. "पण पवित्र पाणी शिंपडलंय त्यावर. सुरी लावायची म्हणजे पाप."

"शिंपडायला कुणी सांगितलं होतं?"

"मी गाईसाठी सांगितलं होतं! तुमच्या मडक्यासाठी नव्हे!"

बाई इतक्या कळवळून बोलल्या की मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. तेही त्यांना लागलं. "उगाच हसू नका. सांत दुमित्रूची वाट नको बघायला. पुढच्याच आठवड्यात बिऱ्हाड हलवा तुम्ही. एकटी बाई टेकाडावर राहिली की असंच होतं."

त्या गेल्यावर मी घरभर फिरले. शेगडी, माझ्या हातचे भिंतीवरचे विणलेले पट्टे, खिडकीतून दिसणारा उतार. पुढच्या आठवड्यात! मला त्या चित्रकाराचा असा राग आला की सकाळ होताच मी पाद्रीबाबांच्या ओसरीवर जाऊन उभी राहिले.

तो आपले कुंचले पुसत होता. मी म्हटलं, "साहेब, माझं घर काढलंत, माझी परवानगी नाही घेतलीत, तेही मी सोडून दिलं. पण जे नाही ते का काढलंत?"

त्याने मान खाली घातली. कुणीतरी त्याला एव्हाना मडक्याचा अर्थ सांगितला होता. "बाई, मी आजच तुमच्याकडे येणार होतो माफी मागायला. मला खरंच ठाऊक नव्हतं. माझ्या छोट्या फळीवर तुमचं झाड होतं, मडकी होती, पण पावसाच्या घाईत रंग मांडायचे राहून गेले होते. इथे बसून आठवत होतो, आठवेना. तेवढ्यात ते पीठ घेऊन आले, गिरणीवाले. मी त्यांना विचारलं, त्या झाडावर कुठल्या रंगाची मडकी असतात?"

"मग?"

"त्यांनी पोतं खाली ठेवलं, खांद्यावरचं पीठ झटकलं. मग म्हणाले, एक लाल आहे."

मी वळून पुन्हा त्या लाल ठिपक्याकडे पाहिलं.

"तुम्ही म्हणाल तर आत्ता काढून टाकतो," तो म्हणाला. त्याने पात्याची छोटी सुरी उचलली आणि चित्राजवळ नेली. "चित्र फिकं पडेल, ते पडू दे. तुमचं नाव त्याहून मोठं आहे."

सुरी त्या लाल ठिपक्याजवळ पोचली तसा माझा हात आपोआप पुढे झाला आणि मी त्याचं मनगट धरलं. "थांबा," मी म्हटलं. "रविवारी निघताय ना? रविवारपर्यंत राहू दे."

घरी येऊन मी दोन जाड घोंगड्या खांद्यावर टाकल्या आणि गिरणीची वाट धरली. घोंगड्या तशा स्वच्छ होत्या. पण गिरणीवर जायला बाईमाणसाला काहीतरी घेऊन जावं लागतं.

गाव्रिलाच्या गिरणीशेजारी पाण्याचा भोवरा आहे. फळ्यांचं मोठं पिंप जमिनीत गाडलेलं, त्यात पन्हळीतून ओढ्याचं पाणी वरून धो धो कोसळतं आणि आत टाकलेली घोंगडी गरगर फिरून निघते. आवाज असा की शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी ओरडावं लागतं. आणि गाव्रिला हा असा माणूस, की त्याच्या दिवसभराच्या बोलण्यापेक्षा माझं शिंकणं लांबतं. त्याची बायको लग्नानंतर लवकरच गेली, मूलबाळ नाही. वर्षानुवर्षं मी त्याच्याकडे दळण नेलं. तो पीठ बांधून द्यायचा, पोतं माझ्या खांद्यावर नीट बसलंय की नाही ते बघायचा, आणि आत जायचा. माझं पोतं तो इतरांपेक्षा जरा जास्त वेळ बघत असे, हे मला कधी कळलं नाही असं मी म्हणणार नाही.

भोवऱ्याकाठी खालच्या आळीतल्या तीन-चार बायका घोंगड्या पिळत होत्या. मी सरळ त्याच्यापुढे उभी राहिले.

"चित्रकाराला काय सांगितलंस तू?" मी ओरडले.

त्याचे ओठ हलले. ऐकू काही आलं नाही.

"मोठ्याने बोल!"

"मीच सांगितलं!" तो ओरडला. जन्मात पहिल्यांदा ओरडला असेल; स्वतःच दचकला. मग त्याला वाटलं, आवाजामुळे सगळं बिघडतंय. म्हणून त्याने धावत जाऊन पन्हळीपुढे फळी टाकली. पाणी थांबलं. सगळीकडे एकदम शांतता झाली, आणि पिळणाऱ्या बायका हातातलं घोंगडं तसंच धरून आमच्याकडे बघत राहिल्या. बिचाऱ्याने स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतला होता. पण आता माघार नव्हती.

"खोटं का बोललास?" मी विचारलं.

"खोटं नाही," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "सकाळी दार उघडलं की समोर तुझं झाड दिसतं. रोज बघतो. आज असेल, उद्या असेल. त्याने विचारलं तेव्हा... मला दिसलंच ते."

"इतकी वर्षं नुसता बघत होतास? चढ चढून यायला काय पाय मोडले होते?"

"मडकं नसलेल्या घरी कसा येणार?" त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. "तुझा अपमान झाला असता, ओडोकिया."

काठावरच्या एका बाईने डोळ्यांना पदर लावला. दुसरी म्हणाली, "अरे गाव्रिला, आता बोल काहीतरी तिला, थांबू नको!" पण त्याचे त्या वर्षाचे शब्द संपले होते.

माझं काळीज असं धडधडत होतं की पाणी बंद केल्याचा मला रागच आला, कारण ते सगळ्यांना ऐकू जाईल असं वाटलं. केवढा खुळा माणूस! आणि मी त्याहून खुळी. तो खाली मडक्याची वाट बघत बसला, आणि मी वर कुणी येण्याची.

मी घोंगड्या त्याच्या हातात दिल्या. "नीट धू. नीट वाळव. रविवारी प्रार्थना झाली की घरी आणून दे," एवढंच म्हटलं आणि मागे न बघता चढ चढून आले. वाटेत माझी मीच हसत होते. एका मेंढपाळाने मला नमस्कार केला तर त्यालाही हसले.

रविवारी चर्च सुटलं. आमच्या वाटेवरून घरी जाणाऱ्यांची रांग लागली होती. मी सगळ्यांच्या आधी घरी पोचले, माळ्यावरून मडकं काढलं, घेवडा पदरात ओतला, मडकं घासून लखलखीत केलं आणि शिडी झाडाला लावली.

खालून पालागाबाई अनुत्साला घेऊन येतच होत्या, माझं सामान बांधायला. मला शिडीच्या तिसऱ्या पायरीवर बघून त्या किंचाळल्या, "विहीणबाई, काय हे! उतरा!"

"पवित्र पाणी शिंपडलेलं चित्र आहे, पालागाबाई. ते खोटं ठरलं तर तुमच्या गाईचं काय होईल?"

गाईचा त्यांनी विचार केलेला नव्हता. तेवढ्यात शिडी डगमगली आणि त्यांनी धावत येऊन ती दोन्ही हातांनी घट्ट धरली. "पडाल आणि आम्हाला निस्तरायला लावाल," त्या पुटपुटल्या. "या वयात झाडावर चढायचं! पाय नीट टाका. तो नाही, दुसरा!"

अनुत्सा तोंडावर हात ठेवून बघत होती. मग तिने हात काढला, आणि ती हसत होती. "आई, अजून वर!" ती ओरडली.

वाटेवर सगळं गाव थांबलं होतं. चित्रकाराची गाडीही तिथेच येऊन अडकली. मागे चित्र गवतात उभं करून बांधलेलं, शेजारी पाद्रीबाबा वेशीपर्यंत पोचवायला बसलेले. चित्रकार गाडीत उभा राहिला. एकदा चित्राकडे बघे, एकदा माझ्याकडे.

"बाई, एक फांदी खाली!" तो हात हलवत ओरडला. "चित्रात मधल्या फांदीवर आहे!"

"चित्र काढताना मला विचारलं होतं?" मी वरून ओरडले, आणि हात पुरेल तितकं उंच होऊन ते मडकं अगदी शेंड्याच्या फांदीवर अडकवलं. खालून ते कसं दिसत होतं मला ठाऊक नाही, पण सगळी वाट एकदम गलका करून उठली. यावेळचं हसणं वेगळं होतं. "मी आता खाली घेणार नाही. तुम्हीच चित्रात वर घ्या!"

"आणि पवित्र पाण्याचं?" पालागाबाईंनी शिडी न सोडता विचारलं. "बदल चालेल का, पाद्रीबाबा?"

पाद्रीबाबांनी दाढी खाजवली, मडक्याकडे पाहिलं, आभाळाकडे पाहिलं. "वर सरकवायला हरकत नाही," ते म्हणाले. "स्वर्गाच्याच दिशेने चाललंय."

चित्रकाराने गाडीतच पेटी उघडली. सुरी लावलीच नाही त्याने. खालच्या मडक्याला तपकिरी रंग फासून फांदी केली आणि शेंड्यावर, आभाळाला टेकेल असं, नवं लाल लावलं. सगळं गाव माना उंच करून बघत होतं, आणि "जरा डावीकडे", "अजून लाल" असे सल्ले देत होतं.

त्यामुळे चढावरून कोण येतंय ते फक्त मला दिसलं, कारण मी अजून शिडीवर होते. गाव्रिला येत होता. धुतलेला पांढरा सदरा, डोक्यावर नवी टोपी, खांद्यावर माझ्या दोन घोंगड्या. वाटेवरच्या माणसांनी त्याला रस्ता करून दिला. तो फाटकात थांबला, त्याने मान वर केली आणि मडकं पाहिलं. किती वेळ पाहत होता कुणास ठाऊक. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचंही त्याला सुचत नव्हतं.

मग त्याने घोंगड्या पालागाबाईंच्या हातात दिल्या, जणू त्या तेवढ्यासाठीच तिथे उभ्या होत्या, आणि शिडी धरली. "तू उतर," तो मला म्हणाला. "मी चढतो."

मी उतरले, तो चढला. चित्रकाराच्या कुंचल्यावरचं लाल अजून ओलं होतं तेवढ्यात गाव्रिलाने मडकं झाडावरून काढून माझ्या हातात दिलं.

चित्र बुखारेस्टला गेलं. तिथल्या कुठल्याशा मोठ्या घरात टांगलंय म्हणतात, आणि शहरातली माणसं त्या लाल ठिपक्यापुढे उभी राहतात. त्यांना वाटत असेल, त्या घरात अजून कुणाची तरी वाट पाहिली जाते आहे. इथे त्या मडक्यात आम्ही दही लावतो.